व्यापारी वादांना वेगळं कोर्ट हवंच, पण त्यात बसायला वेगळा न्यायाधीशही हवा

रावेर-सावद्याकडून केळीचा ट्रक भरून निघाला. समजा त्यात १५० क्विंटल माल आहे आणि भाव २,००० रुपये क्विंटल ठरला. बिल झालं बरोबर ३ लाखांचं. भाव १,५०० वर असता तर तोच ट्रक सव्वादोन लाखांचा झाला असता. माल घेणाऱ्याने पैसे थकवले, तर पहिल्या ट्रकचा दावा जिल्ह्याच्या कमर्शियल कोर्टात जातो आणि दुसऱ्याचा नेहमीच्या दिवाणी न्यायालयात. माल तोच, देणारा-घेणारा तेच, बुडवण्याची रीतही तीच. फक्त ३ लाखांची रेघ मधे आली.

शिवाय ही रेघ जागेवर राहत नाही. वसुलीच्या दाव्याची किंमत मोजताना दावा दाखल होण्याच्या तारखेपर्यंतचं व्याजही धरायचं, असं कमर्शियल कोर्ट कायद्याचं कलम १२ सांगतं. करारात १८ टक्के व्याज ठरलं असेल, तर सव्वादोन लाखांवर दोन वर्षांचे ८१ हजार होतात आणि बेरीज ३ लाख ६ हजारांवर जाते. म्हणजे दोन वर्षं ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकून घेतलं की दुसरा ट्रकही कमर्शियल कोर्टाच्या हद्दीत येतो. हे न पाहता तालुक्याला दावा टाकला, तर तो परत मिळतो, नव्या कोर्टात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि तेवढे महिने हातचे जातात.

व्यापारी वादांसाठी राज्याने वेगळी न्यायालयं काढावीत का, हा प्रश्न खानदेशात उगाच चर्चेचा नाही. इथला धंदा उधारीवर चालतो. केळी, कापूस, डाळी, नंदुरबार-दोंडाईचाची मिरची, जळगावच्या एमआयडीसीतल्या चटया आणि पाइप, सगळीकडे माल आधी जातो आणि पैसे मागून येतात. माझं उत्तर स्पष्ट ‘हो’ असं आहे. पण आज बहुतेक जिल्ह्यांत वेगळं कोर्ट म्हणून जे मिळतं ते जुन्याच न्यायाधीशाला दिलेलं एक जास्तीचं काम असतं, आणि त्याने वसुली लवकर होत नाही.

कायदा काय आहे ते आधी पाहू. विधी आयोगाने २००३ मध्ये १८८ व्या अहवालात आणि जानेवारी २०१५ मध्ये २५३ व्या अहवालात वेगळ्या व्यापारी न्यायालयांची शिफारस केली. त्यातून २०१५ चा कायदा आला, २३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू. तेव्हा मर्यादा १ कोटीची होती, म्हणजे खानदेशातल्या बहुतेक व्यापाऱ्यांचा त्याच्याशी संबंधच नव्हता. २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आणली, ३ मे २०१८ पासून. संसदेने कायदा केला असला, तरी जिल्हा पातळीवर कोर्ट काढायचं काम कलम ३ प्रमाणे राज्य सरकारचं आहे, उच्च न्यायालयाचा सल्ला घेऊन. व्यापारी वादांचा अनुभव असलेली व्यक्ती न्यायाधीश म्हणून नेमायची, मुख्य न्यायमूर्तींच्या सहमतीने, हेही त्याच कलमात आहे. कलम १९ मध्ये इमारत आणि सोयी पुरवण्याची जबाबदारी राज्यावर आहे आणि कलम २० मध्ये न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. तेव्हा ‘राज्याने काढावीत का’ याचं उत्तर कायद्याने दिलेलंच आहे. कशी काढायची, हा वाद खरा आहे.

मर्यादा खाली आणण्यामागे जागतिक बँकेची क्रमवारीही होती. २०२० च्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालात करार-अंमलबजावणीत १९० देशांत भारत १६३ वा होता. एका व्यापारी दाव्याला दाखल होण्यापासून वसुलीपर्यंत १,४४५ दिवस लागतात, असा हिशेब त्यात होता. तो मांडला होता मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून. जळगाव, धुळे, नंदुरबारचे दिवस त्यात कुणी मोजले नव्हते. पूर्ण वेळ कमर्शियल न्यायाधीश आधी मिळाले तेही दिल्ली-बेंगळुरूसारख्या महानगरांना.

वेगळ्या कोर्टाचा खरा फायदा

जिनिंगवाल्याचं उदाहरण घेऊ. १७० किलोची एक गाठ, अशा १०० गाठी दलालामार्फत परराज्यातल्या गिरणीला गेल्या. १७,००० किलो म्हणजे पावणे अठ्ठेचाळीस खंडी, खंडी सुमारे ३५६ किलोची. भाव समजा ५५,००० रुपये खंडी, तर बिल सुमारे २६ लाखांचं. गिरणी म्हणते, रुईत ओल जास्त निघाली, लांबी ठरल्याप्रमाणे नाही, म्हणून ८ लाख कापले. जिनिंगवाला म्हणतो, भाव पडला म्हणून आता ओल आठवली.

नेहमीच्या दिवाणी कोर्टात या वादाची सुरुवात खंडी म्हणजे काय इथून होते. हे काम रोज करणारा न्यायाधीश थेट कामाचे प्रश्न विचारतो. नमुना कुणी काढला, गाडी उतरवण्याआधी की गोदामात चार दिवस ठेवल्यावर? नमुना सील करताना विकणाऱ्याचा माणूस हजर होता का? गाठीवरचे प्रेस नंबर आणि तपासणी अहवालातले नंबर जुळतात का? माल नापसंत असल्याचं किती दिवसांत कळवलं? माल विक्री कायदा १९३० च्या कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदतीत काही न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरतात. गिरणीने गाठी फोडून सूत काढलं असेल, तर नापसंतीचा मुद्दा तिथेच ढिला पडतो. या चार प्रश्नांनी निम्मा वाद पहिल्याच सुनावणीत निकाली निघू शकतो. जाणकार न्यायाधीशाचा फायदा म्हणतात तो हाच.

दुसरं, वेळापत्रक. साध्या दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायला उशीर झाला तर खर्च भरून माफी मिळते. कमर्शियल कोर्टात समन्स बजावल्यापासून ३० दिवस, फार तर १२० दिवस. त्यानंतर कैफियत घेताच येत नाही. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये हे पक्कं केलं. जवळ असलेली सगळी कागदपत्रं दाव्याबरोबरच द्यायची, ‘यापेक्षा जास्त काही माझ्याकडे नाही’ असं शपथेवर सांगायचं. ऐन उलटतपासणीत खिशातून नवी पावती काढायची सोय बंद. कागद कबूल-नाकबूल केल्याचं शपथपत्र आलं की चार आठवड्यांत पहिली वेळापत्रकाची सुनावणी होते. तिच्यात पुराव्याच्या, उलटतपासणीच्या, युक्तिवादाच्या तारखा एकदमच ठरतात आणि तिथून सहा महिन्यांत युक्तिवाद पुरे व्हायला हवेत. निकाल ९० दिवसांत. मधल्या प्रत्येक छोट्या आदेशावर रिव्हिजन, म्हणजे वरच्या कोर्टात फेरतपासणीचा अर्ज, टाकून दावा थांबवता येत नाही.

आणि एक हत्यार असं आहे जे आपल्याकडे फार कमी वापरलं जातं. दिवाणी प्रक्रिया संहितेत कमर्शियल दाव्यांसाठी आदेश १३-अ घातला आहे. समन्स बजावल्यावर आणि मुद्दे काढण्याआधी अर्ज करून, समोरच्याकडे बचावाची खरी शक्यताच नाही असं दाखवलं, तर साक्षीपुराव्याशिवाय निकाल मिळू शकतो. ज्या खरेदीदाराने तुमच्या बिलावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं, ई-वे बिल नाकारलं नाही, मालाबद्दल एक ओळीचा मेसेजही केला नाही, त्याच्याविरुद्ध हा अर्ज टाकायलाच हवा. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा इथला नियम आहे, आणि न द्यायचं असेल तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागतं.

गाडी अडते कुठे

वर सांगितलेल्या मुदती पक्षकारांवर सक्तीच्या आहेत. १२० दिवस चुकले की कैफियत गेली. पण कोर्टाने सहा महिने किंवा ९० दिवस चुकवले तर काय, याचं उत्तर कायद्यात नाही. न्यायाधीशाकडे वेळ असेल तर ते पाळले जातात, नसेल तर नाही. म्हणून सगळा प्रश्न न्यायाधीशाच्या वेळेपाशी येऊन थांबतो.

अधिसूचना काढून एखाद्या जिल्हा न्यायाधीशाला कमर्शियल कोर्ट म्हणून नेमतात, तेव्हा त्यांच्याकडचं बाकीचं काम कमी होत नाही. सकाळी जामीन अर्ज, मग सेशन्स खटला, मोटार अपघाताचे दावे, दिवाणी अपिलं, आणि त्यातून वेळ उरला तर कमर्शियल दावा. जामिनाला आधी वेळ द्यावाच लागतो, माणूस आत बसलेला असतो. खुनाच्या खटल्यात साक्षीदार बाहेरगावाहून आलेला असतो, त्यालाही परत पाठवता येत नाही. या रांगेत २६ लाखांचा कापसाचा दावा रोज शेवटी राहणार. यात न्यायाधीशाला दोष देता येत नाही, रचनाच तशी आहे.

त्यात ३ लाखांच्या मर्यादेने रांग लांब केली. कर्जवसुली न्यायाधिकरणात बँकेला २० लाखांच्या वर जावं लागतं. त्याखालची धंद्याच्या कर्जाची वसुली ३ लाखांपासून कमर्शियल कोर्टात येते. असे दावे बहुतेक एकतर्फी असतात, कर्जदार हजरच होत नाही. त्यात गहन काही नसतं, पण प्रत्येकाला समन्स, शपथपत्र, तारीख लागतेच. जलद रस्ता बांधला आणि पहिल्याच दिवशी त्यावर सगळी वाहतूक वळवली, असं झालं. १ कोटीची मर्यादा खानदेशासाठी निरुपयोगी होती हे खरं, पण ३ लाखही चुकीचे आहेत. १० लाखांच्या आसपास रेघ ठेवावी. त्याखालच्या दाव्यांना तालुक्याच्याच कोर्टात आदेश १३-अ आणि कागदपत्रांचे कडक नियम लावावेत. अमेरिकेत न्यूयॉर्कने १९९५ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाने १९९६ मध्ये आणि टेक्सासने १ सप्टेंबर २०२४ पासून वेगळी व्यापारी कोर्टं सुरू केली. टेक्सासने तर उंबरठा लाखो डॉलरचा ठेवून तिथे पूर्ण वेळ न्यायाधीश नेमले. त्यांचा आकडा आपल्याला लागू नाही, पण मोजके दावे आणि त्यांच्यासाठी राखलेला माणूस, ही जोडी घेण्यासारखी आहे.

तिसरं छिद्र समन्सचं. १२० दिवसांचं घड्याळ समन्स बजावल्यावर सुरू होतं. परराज्यातला व्यापारी दुकान बदलतो, नाव बदलतो, ‘मालक बाहेरगावी’ असा शेरा येतो, आणि घड्याळ सुरूच होत नाही. सौद्याच्या वेळीच खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक, राहता पत्ता, ईमेल आणि चालू मोबाइल घेऊन ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

दाव्याआधीची मध्यस्थी

२०१८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १२-अ खानदेशातल्या बऱ्याच व्यापाऱ्यांना वकिलाच्या ऑफिसात गेल्यावरच कळतं. तातडीचा मनाई हुकूम किंवा जप्ती मागायची नसेल, तर मध्यस्थी केल्याशिवाय दावा दाखलच करता येत नाही. पाटील ऑटोमेशन प्रकरणात १७ ऑगस्ट २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने हे सक्तीचं ठरवलं आणि २० ऑगस्ट २०२२ पासूनच्या दाव्यांना लागू केलं. मध्यस्थी टाळायला म्हणून दाव्यात खोटाच ‘तातडीचा’ अर्ज जोडला, तर कोर्ट तो मुखवटा काढून पाहू शकतं, हे २०२३ मध्ये यामिनी मनोहर प्रकरणात सांगितलं गेलं.

करायचं काय? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नमुना १ मध्ये अर्ज आणि १,००० रुपये शुल्क. प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढतं, दहा दिवसांच्या आत हजर राहायला सांगतं. उत्तर नाही आलं तर शेवटची नोटीस. तरीही आला नाही किंवा नकार दिला, तर नमुना ३ मध्ये ‘मध्यस्थी सुरू झाली नाही’ असा अहवाल मिळतो. तो जोडून दावा टाकायचा. समोरचा आला तर मध्यस्थाची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरायची: ३ ते १० लाखांच्या वादात एकूण १५,०००, १० ते ५० लाखांत ३०,०००. तीन महिन्यांत संपवायचं, दोघांची संमती असेल तर आणखी दोन महिने. हा काळ मुदतीच्या कायद्यातून वजा होतो. तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याइतका जोर असतो, तिच्यावर थेट अंमलबजावणी मागता येते.

मला ही तरतूद मनापासून आवडते. आपल्याकडे व्यापारी भांडतो तो बहुधा अशाच माणसाशी ज्याच्याशी पुढच्या हंगामात पुन्हा सौदा करायचा असतो. ओलीच्या ८ लाखांपैकी ३ लाख सोडून ५ लाख महिन्याभरात हातात येत असतील, तर ते तीन वर्षांनंतरच्या हुकूमनाम्यापेक्षा, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशापेक्षा, बरे. कॅश क्रेडिटचं व्याज जिनिंगवाला रोज भरतो. २६ लाखांवर १८ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज १४ लाखांच्या पुढे जातं, आणि कोर्ट तेवढं व्याज देईलच असं नाही.

पण मध्यस्थी फसते कशी, तेही पाहा. समोरचा न येता नुसता अहवाल मिळाला, तर ती दोन नोटिसांची औपचारिकता होते. आला आणि त्याच्याबरोबर निर्णय घेऊ शकणारा माणूस नसेल, फक्त मुनीम किंवा वकील आला, तर ‘शेठला विचारून सांगतो’ यात तीन महिने जातात. आणि मध्यस्थाला धंदा कळत नसेल, तर तो दोघांना ‘थोडं तुम्ही सोडा, थोडं तुम्ही’ एवढंच म्हणतो. जळगावच्या प्राधिकरणाच्या यादीत कापसाची प्रत ठरवणारे दोन निवृत्त ग्रेडर, एखादा सीए आणि केळीची प्रत ओळखणारा एखादा कृषी अधिकारी असला पाहिजे. याला नवा कायदा लागत नाही.

कागद

कितीही चांगलं कोर्ट दिलं तरी कागद नसेल तर ते काही करू शकत नाही, आणि या कोर्टात तर सगळे कागद पहिल्याच दिवशी लागतात. या बाबतीत केळीचा धंदा सगळ्यात कच्चा आहे. ताज्या फळावर जीएसटी नाही, म्हणून ई-वे बिलही लागत नाही. कापसाच्या गाठीमागे सरकारी नोंद आपोआप तयार होते, केळीच्या ट्रकमागे होत नाही. तिथे काटा पावती, बिल्टी, ड्रायव्हरची सही, भाव कळवलेला मेसेज आणि बँकेत आलेली उचल, एवढ्यावरच सगळं उभं राहतं. काटा पावतीवर गाडी नंबर आणि तारीख नसेल तर ती कुठल्या सौद्याची, हेच सिद्ध होत नाही.

स्वतःच्या खातेवहीवर फार विसंबू नका. हिशेबाच्या वहीतली नोंद पुराव्यात चालते, पण केवळ तिच्यावरून दुसऱ्यावर देणं लादता येत नाही. हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता आणि भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. दर ३१ मार्चला खातेउतारा पाठवून ‘बाकी मान्य’ अशी समोरच्याची सही घ्या. दावा टाकायची मुदत तीन वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी घेतलेली सहीची कबुली ती नव्याने सुरू करते. संपल्यावर घेतलेल्या सहीने हे होत नाही. व्हॉट्सॲपवरचे सौदे दाखवायचे तर १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा संकेतांक) यांसह. स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकला, तर अडचण होते. बिलावर छापलेलं ‘न्यायक्षेत्र जळगाव’ समोरच्याची सही नसेल तर वादात सापडतं. सौदा चिठ्ठीवरच ते लिहून सही घ्यावी.

आणि भागीदारीत धंदा असेल तर फर्मची नोंदणी आज पाहा. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून तिसऱ्या माणसाविरुद्ध दावाच टाकता येत नाही, भागीदारी कायदा १९३२ चं कलम ६९. काका-पुतण्याच्या जिनिंगमध्ये भागीदारीचा दस्त असतो, पॅन असतो, बँक खातं असतं, आणि रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडची नोंदणी तेवढी राहिलेली असते. दाव्याच्या दिवशी हेच बाहेर येतं.

जागेच्या वादाबद्दलही एक गैरसमज आहे. गोदाम, जिनिंग, शीतगृह प्रत्यक्ष धंद्यासाठी वापरात असेल तर त्याच्या कराराचा वाद इथे येतो. एमआयडीसीतला मोकळा प्लॉट ‘पुढे कारखाना काढणार’ एवढ्यावर येत नाही. अंबालाल साराभाई प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष वापराचीच कसोटी लावली.

कमर्शियल कोर्ट हा प्रत्येक वेळी पहिला पर्याय असतोच असंही नाही. उत्पादक किंवा सेवा देणाऱ्या लघुउद्योजकाने माल देण्याआधी उद्यम नोंदणी केली असेल, तर एमएसएमई परिषदेकडे, म्हणजे लघुउद्योगांची थकबाकी वसूल करून देणाऱ्या सरकारी परिषदेकडे, जावं. तिथे ४५ दिवसांपुढच्या थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज आहे, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला ही वाट नाही. चेक परत आला तर ३० दिवसांत नोटीस, १५ दिवस वाट, मग एक महिन्यात चेक न वटल्याची, कलम १३८ ची फिर्याद, तीही ज्या शाखेत तुमचं खातं आहे तिथल्या कोर्टात. कापसाच्या प्रतीचा वाद मुंबईच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाकडे लवादाला नेण्याचा करार करता येतो. शंभर वर्षं जुनी ही संस्था म्हणजे व्यापाऱ्यांनी स्वतः काढलेलं विशेष न्यायालयच आहे. पण सौद्यातच तसं कलम लागतं.

राज्याने काय करावं

‘हे श्रीमंतांचं कोर्ट, गरिबाचा जमिनीचा दावा तीस वर्षं पडून आणि शेठजींना वेगळी खोली’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण खानदेशात थकलेल्या उधारीचा शेवटचा धनी शेतकरी असतो. बाहेरचा व्यापारी इथल्या व्यापाऱ्याला बुडवतो, इथला व्यापारी शेतकऱ्याचा हिशेब थांबवतो. वसुली लवकर झाली तर ती साखळी खालपर्यंत सुटते. आक्षेपाचं खरं उत्तर एवढंच की कमर्शियल कोर्टासाठी न्यायाधीशाचं नवं पद तयार करावं, असलेल्यांतून एक काढून घेऊ नये. काढून घेतलं तर आक्षेप शंभर टक्के बरोबर ठरतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून पूर्ण वेळ एक कमर्शियल न्यायाधीश द्यावा, ज्याच्याकडे जामीन नाहीत, सेशन्स नाहीत. त्याचं मुख्य ठिकाण जळगाव, महिन्यातला एक आठवडा धुळे, एक आठवडा नंदुरबार. दावा आणि कागद तालुक्याच्या कोर्टातून ई-फायलिंगने स्वीकारावेत. वेळापत्रकाच्या सुनावण्या व्हिडिओवर घ्याव्यात, म्हणजे अक्कलकुव्याचा दुकानदार किंवा रावेरचा बागायतदार फक्त साक्षीच्या दिवशी गाडीत बसेल. या तिन्ही जिल्ह्यांची अपिलं छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातात. त्यांना कलम १३ प्रमाणे ६० दिवसांची मुदत आहे, आणि बोरसे ब्रदर्स प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की थोडका उशीरही अपवाद म्हणूनच माफ होईल. सरकारी खात्यांनाही हेच लागू.

नाशवंत मालासाठी ठरलेला एक दिवस हवा. आदेश ३९ नियम ६ खाली लवकर खराब होणारा माल वाद चालू असतानाच विकून पैसे कोर्टात जमा करता येतात. ट्रक अडला आहे, घड पिवळे पडायला लागलेत, आणि अर्ज पुढच्या आठवड्यात ऐकणार असतील तर त्या नियमाचा केळीला उपयोग नाही. असा अर्ज आला त्याच दिवशी ऐकावा, अशी प्रथा उच्च न्यायालय कलम १८ खालच्या निर्देशाने घालू शकतं.

आकडेही मागायला हवेत. कलम १७ सांगतं की दाव्यांची संख्या आणि स्थिती दर महिन्याला अद्ययावत करून उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर द्यायची. वकील संघ आणि व्यापारी संघटनांनी आपापल्या जिल्ह्याचं ते पान दर महिन्याला उघडावं आणि किती दावे आले, किती निघाले, मध्यस्थीत किती मिटले, हे विचारावं. एका न्यायाधीशाची गरज आहे की दोघांची, हे त्यावरूनच ठरेल.

या सगळ्यानंतरही एक दार बंदच राहतं. कायद्याने हुकूमनाम्यापर्यंतची वाट आखली, पुढच्या दरखास्तीसाठी, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याच्या अर्जासाठी, वेगळं काही दिलं नाही. दावा जिंकला, पण देणेकऱ्याची मालमत्ता परराज्यात असेल तर हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे वर्ग करावा लागतो आणि सगळं त्या कोर्टाच्या गतीवर जातं. राहुल शहा प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्त सहा महिन्यांत संपवायला सांगितली, उशीर झाला तर कारण लिहायला सांगितलं. पूर्ण वेळ न्यायाधीश नेमताना दरखास्तीही त्याच्याकडेच ठेवाव्यात, म्हणजे ज्याने हिशेब पाहिला तोच वसुली पाहील. आणि वकिलांनी आदेश २१ नियम ४१ वापरावा: पैशाचा हुकूमनामा ३० दिवस न फेडता राहिला की देणेकऱ्याला त्याच्या सगळ्या मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावता येतं, आणि आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज दरखास्तीबरोबर पहिल्याच तारखेला टाकायचा. जप्ती कशावर करायची हे त्यातूनच कळतं.